फ्रूट पंचमधले पाच

मंडळी, परवा राजारामपुरीतल्या एका हॉटेलात माझ्या नातवानं मेनूकार्डावर ‘फ्रूट पंच’ वाचलं आणि विचारलं, “आजोबा, पंच म्हणजे कुस्तीतला?” कोल्हापूरच्या पोराला दुसरं काय सुचणार! पण प्रश्न मनात राहिला. आज त्याबद्दलच बोलतो.

हा पंच इंग्रजीतून आलेला. दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला असं मिसळून केलेलं पेय. हा शब्द मुळात आपल्या ‘पाच’वरून गेला, असं फार जण मानतात, आणि त्याला आधारही आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या एका माणसाच्या 1632 सालच्या पत्रात हा शब्द सापडतो. पुढं शिवाजी महाराजांच्या काळात जॉन फ्रायर नावाचा कंपनीचा डॉक्टर सुरत, मुंबई, जुन्नर असा हिंडला. त्यानं तर लिहूनच ठेवलं, की हिंदुस्तानी भाषेत याचा अर्थ पाच, आणि पाच जिनसांवरून हे नाव पडलं.

पण शब्द आपला म्हटला की छाती फुगते, म्हणून आधी आक्षेप ऐकूया. 1638 साली सुरतेला आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो या पेयात चारच जिनसा सांगतो: दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. मग पाचवी कुठं गेली?

हा आक्षेप मला कच्चा वाटतो. आपल्या पंचगंगेत कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चारच नद्या डोळ्यांना दिसतात. पाचवी सरस्वती गुप्त. जेवणातल्या पंचामृतात तीळ, शेंगदाणे, चिंच, गूळ, खोबरं, मिरची पडतं, तिथं कोण मोजायला बसतं? नाव एकदा रुळलं की आकडा मागं पडतो.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. त्या काळी इंग्रज या शब्दाचा उच्चार ‘पुंच’च्या जवळ करत. ‘पाच’चं ‘पुंच’ कसं झालं, हे नीट उलगडत नाही. काही अभ्यासक दारूच्या मोठ्या पिंपाला असलेल्या ‘पंचन’ या इंग्रजी नावाकडं बोट दाखवतात. माझा कल फ्रायरकडं आहे, कारण तो इथं राहून, ऐकून लिहीत होता. तरी शिक्कामोर्तब करण्याइतका पुरावा नाही, हे मान्य केलं पाहिजे.

‘कॉकटेल’ हा शब्द बराच नंतरचा. 1806 साली अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रानं त्याची व्याख्या छापली: दारू, साखर, पाणी आणि कडू अर्क. त्याच्या उगमाच्या कथा ढीगभर आहेत, आज त्यात शिरत नाही.

1660 च्या दशकातल्या बंगालबद्दल फ्रेंच वैद्य बर्निए लिहितो, की पंच हे पेय चवीला बरं, पण प्रकृतीला घातक. त्यातल्या जिनसाही तो सांगतो: काळ्या साखरेची, म्हणजे गुळाची दारू, लिंबाचा रस, पाणी, आणि वरून किसलेलं जायफळ. त्यातली दारू काढून नुसता गूळ ठेवा. गुळाच्या या गावात हे पेय कुणालाच परकं वाटणार नाही.