विरजण का लागलं नाही?

नमस्कार श्रोतेहो.

रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घातलं आणि सकाळी झाकण काढलं, तर दूध तसंच पातळ. हवेत गारठा नाही, विरजणही रोजचंच. अशा वेळी गोठ्यात चौकशी करावी, दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली म्हणून एखाद्या गाईच्या सडात औषधाची ट्यूब सोडली होती का? औषधाचा अंश दुधात उतरला की दह्याचे जिवाणू वाढत नाहीत.

शेणातल्या एखाद्या ई. कोलाय जिवाणूचं मात्र टेट्रासायक्लिन या जिवाणूविरोधी औषधापुढेही काही अडत नाही. त्याच्याकडे एका पंपाचं जनुक, म्हणजे तो पंप बनवण्याची डीएनएत लिहिलेली कृती, असतं. औषध आत आलं की हा पंप ते बाहेर फेकतो. पण पंप कायम चालू ठेवणं जिवाणूला परवडत नाही. पंपांची गर्दी झाली की त्याचं आवरणच बिघडतं. म्हणून जनुकाच्या तोंडाशी, डीएनएवर, एक प्रथिन कुलपासारखं ठाण मांडून बसलेलं असतं आणि जनुक तिथेच अडतं. टेट्रासायक्लिनचा रेणू या प्रथिनाला चिकटला की त्याचा आकार बदलतो, पकड सुटते, पंप तयार व्हायला लागतात. वाळवा-पलूसकडे ऑटो स्टार्टर समजावून सांगायला नको : लाइट आली की मोटार सुरू. इथे लाइटच्या जागी औषध. शिवाय ते अडवणारं प्रथिनही याच कुलपाखाली तयार होतं, त्यामुळे औषध संपताच नवं प्रथिन जागेवर बसतं आणि पंपाचं काम थांबतं.

जनुकाच्या अशा कुलपाचा नमुना जाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९६१ साली मांडला, तोही दुधातल्याच साखरेवर, लॅक्टोजवर.

आता हे जनुक येतं कुठून? बऱ्याचदा शेजाऱ्याकडून. ते प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असतं. एक जिवाणू दुसऱ्याला बारीक तंतूने जवळ ओढतो, कड्याचा एक धागा पलीकडे जातो आणि दोन्हीकडे जोडीचा धागा नव्याने बनतो. म्हणजे देणाऱ्याचं काही जात नाही, झेरॉक्स मिळते. घेणारा वेगळ्या जातीचाही चालतो. एकाच कड्यावर चार-चार औषधांची जनुकं असू शकतात, आणि मग एक औषध वापरलं तरी चारही टिकतात. त्याहून वाईट म्हणजे आतड्यातल्या बॅक्टेरॉइड्स जिवाणूंमध्ये टेट्रासायक्लिन मिळालं की जनुकं देण्याचा वेगच शेकडो पटींनी वाढतो.

म्हणून ट्यूब सोडल्यावरचं दूध, ट्यूबवर लिहिलेले दिवस भरेपर्यंत, संकलन केंद्रावर घालू नका. वासरालाही पाजू नका, आणि इथेच चूक होते. ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून बादली वासरापुढे जाते आणि थोड्या थोड्या औषधाने त्याच्या आतड्यात पंपवालेच जिवाणू उरतात. बरं वाटलं म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या ट्यूब अर्ध्यावर सोडू नका. शेणखताचा ढीग चांगला तापू द्या, दोनदा तरी उलथा. त्यात अशी जनुकं कमी होतात, पुरती संपत नाहीत.

विरजण पुन्हा लावताना दुसऱ्या गाईचं दूध घ्या.