काचेपलीकडची बाळंतीण

दृश्य: रात्रीचे अडीच. नवजात अतिदक्षता कक्ष. ऊब देणाऱ्या वॉर्मरखाली १२०० ग्रॅमचं बाळ, तळपायाला ऑक्सिजन मोजणारी लाल दिव्याची तार. काचेबाहेर बाकावर आई.

निवेदन:
टाके अजून ओले आहेत. दूध दाटून छाती ठणकतेय. पाचवी पुजायची की नाही, हे घरात तिला न विचारताच ठरून गेलंय. शेक, तेल, डिंकाचे लाडू, सव्वा महिन्याची विश्रांती ही आपल्याकडची सगळी मांडणी बाळ कुशीत आहे असं धरून केलेली. कूस रिकामी असली की बाळंतिणीचीही आबाळ सुरू होते.

बऱ्याचदा प्रसूती तालुक्याला होते आणि बाळाला १०८ची गाडी जिल्ह्याला नेते. बाबा सोबत जातात, सिझेरियन झालेली आई मागे राहते. अशा वेळी गाडी निघण्याआधी दोन मिनिटं का होईना, बाळ आईला दाखवावं, तिचा हात त्याला लागू द्यावा. पोहोचल्यावर फोटो पाठवावा. फोटोत नळ्या दिसणार. कुठली नळी कशासाठी, हे फोनवरच सांगून टाकावं. न सांगितलेल्या नळीची भीती सगळ्यात मोठी असते.

दृश्य: दूध काढण्याची खोली. वाटी, झाकण, नाव-वेळेची चिठ्ठी.

निवेदन:
दूध काढायला प्रसूतीनंतर पहिल्या तासात, निदान सहा तासांच्या आत सुरुवात करायची. पहिल्या दिवशी हाती येतात ते चिकाचे थेंब. तेवढेही बाळाच्या गालात आतून लावता येतात, हे तिला सांगायलाच हवं. पुढे दिवसरात्र मिळून आठ ते दहा वेळा, त्यातलं एकदा तरी रात्री.

भीती आणि वेदना यांनी ऑक्सिटोसिन, म्हणजे दूध उतरवणारं संप्रेरक, अडतं. दूध तयार असतं, उतरत नाही. नेमकं तेव्हाच कुणीतरी म्हणतं, ‘हिला दूधच नाही.’ या एका वाक्याने किती आयांना खचवलंय! त्याऐवजी पाठ चोळून द्या, छातीला कोमट फडकं ठेवा, बाळाशेजारी बसून दूध काढू द्या. किती भरलं याकडे सारखी नजर जात असेल तर वाटीवर रुमाल टाका. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली आशियातली पहिली दूधपेढी, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध साठवण्याची सोय, सुरू झाली. अशा पेढीचं दूध बाळाला दिलं तर ते तात्पुरतं आहे, तिचं दूध आलं की तेच मिळेल, हे स्पष्ट बोलावं.

कक्षाच्या दारात आणखी एक अडचण. हात कोपरापर्यंत मोकळे हवेत, म्हणून हिरवा चुडा उतरवायला सांगतात. कारण न सांगता सांगितलं, तर ते अशुभ वाटून काही जणी आत जाणंच टाळतात. बांगडीखाली साबण पोहोचत नाही, जंतू राहतात, एवढं समजावलं आणि चुडा दोऱ्यात ओवून तिच्याच पिशवीत ठेवला, तर बहुतेक जणी ऐकतात.

दृश्य: आईच्या छातीवर बाळ, फक्त टोपी, मोजे आणि लंगोट.

निवेदन:
ही कांगारू पद्धत. बाळ दोन स्तनांच्या मध्ये उभं, पाय बेडकासारखे, मान एका बाजूला आणि किंचित वर, म्हणजे श्वास कोंडत नाही. एका बैठकीला किमान एक तास. जमेल तसं वाढवत दिवसाला आठ तासांपुढे. भारतासह पाच देशांत झालेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. १ किलो ते १.८ किलोच्या आतल्या बाळांना जन्मानंतर लगेच असं छातीशी ठेवलं, तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू १५.७ वरून १२ टक्क्यांवर आले. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात त्यासाठी आईची खाट थेट अतिदक्षता कक्षात लावली होती. हे इतरत्रही व्हायला हवं. भेटीच्या वेळेत येणारी बाई आणि बाळाचं करणारी आई यांच्या मनःस्थितीत फार अंतर असतं.

मॉनिटर वाजला की ती दचकते. अनेकदा बाळाने पाय हलवल्याने तार सैल झालेली असते; सिस्टरने तार बसवतानाच हे बोलून दाखवावं. वजनाचंही तसंच. कमी दिवसांच्या बाळाचं वजन पहिल्या आठवड्यात दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं, भरून यायला साधारण दोन आठवडे लागतात. आधी सांगितलं नाही, तर ती हा दोष स्वतःकडे घेते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं नेहमीचं. ते दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं तर नैराश्याचा विचार करायचा. गोव्यातल्या जिल्हा रुग्णालयातल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं, आणि ती पाहणी काही अतिदक्षतेतल्या बाळांच्या आयांची नव्हती. रडणाऱ्या आईकडे लक्ष जातंच. न रडणारी, बाळाऐवजी मॉनिटरकडेच पाहणारी, कक्षात यायला कारणं सांगणारी, वेळ मिळूनही न झोपणारी आई मात्र नजरेतून सुटते.

बाळंतपणानंतरचं नैराश्य हेरण्यासाठी एडिनबरोची दहा प्रश्नांची यादी वापरतात. मागच्या सात दिवसांबद्दल विचारायचं, गुण शून्य ते तीस. सासूसमोर विचारलं तर सगळं ‘ठीक’ असतं, म्हणून एकटीला विचारावं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. त्याला ‘कधीच नाही’ याखेरीज काहीही उत्तर आलं, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी डॉक्टर. तिला भास होत असतील, विनाकारण संशय येत असेल, तर तासाभराचाही उशीर नको. घरून १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

दृश्य: रुग्णालयातून सुट्टी मिळण्याचा दिवस. टोपरं, दुपटं, कागदांची पिशवी.

निवेदन:
घरी मॉनिटर नसतो, आणि ती रात्रभर बाळाच्या छातीवर हात ठेवून जागते. म्हणून सुट्टीआधी एक-दोन रात्री बाळ तारांशिवाय तिच्याजवळ झोपवावं, सिस्टर हाकेच्या अंतरावर असताना. सहा आठवड्यांच्या लसीला ती येईल, तेव्हा बाळाला काट्यावर ठेवाल; त्याच वेळी तिला बाजूला बसवून ते दहा प्रश्न पुन्हा विचारा.