हाडातली कळ सोसायची नसते

श्रोतेहो, नमस्कार.

"डॉक्टर, देवापुढे बसून पूजा करता येईल का हो मला?" स्तनाचा कॅन्सर कमरेच्या हाडांत उतरलेल्या एका आजींचा हा प्रश्न. किती दिवस उरलेत, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. कूस बदलली की जीव कासावीस व्हायचा, म्हणून त्या रात्र रात्र खुर्चीत बसून काढत होत्या. घरचे म्हणायचे, एवढा मोठा आजार, दुखणारच! हे वाक्य ऐकलं की मला फार वाईट वाटतं.

स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड यांचे कॅन्सर मणक्यांत, खुब्यात, बरगड्यांत पसरतात. अशा दुखऱ्या जागी 8 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप) रेडिएशनचा एकच डोस दिला, तरी दहा दिवसांत विभागून दिलेल्या 30 ग्रेइतकाच आराम पडतो. दहांपैकी साधारण सहा जणांना फरक पडतो. काहींना पुढे पुन्हा रेडिएशन घ्यावं लागतं, हे खरं. पण एसटीचे धक्के खात येणाऱ्या पेशंटला दहाऐवजी एकच खेप! सोय असेल तिथे हे जरूर विचारा. पहिले दोन-तीन दिवस कळ वाढू शकते, तेव्हा घाबरू नका. आराम पडायला दोन-चार आठवडे लागतात. आमच्या आजींनी महिन्याभराने स्टुलावर बसून पूजा केली.

तोवर काय करायचं? मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदना शमवणारं औषध. या नावाची धास्ती मी घरोघरी पाहिली आहे. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत घेतलं तर त्याने आयुष्य कमी होत नाही, व्यसनाची भीतीही फार थोडी. गोळी घड्याळाप्रमाणे घ्यायची, कळ उठायची वाट बघायची नाही. पोट मात्र साफ होत नाही, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून सुरू हवं.

हाड मोडू नये म्हणून झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन देतात. त्याआधी दात तपासून घ्या. दात काढायचा असेल तर आधीच काढावा, नंतर जबड्याचं हाड बरं होत नाही असं काहींच्या बाबतीत घडतं.

आणि एक. पाठ दुखत असताना पाय लुळे पडू लागले, बधिर झाले, लघवी अडली, तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. अशा वेळी सकाळ होण्याची वाट बघू नका. त्याच रात्री गाडी करा आणि हॉस्पिटल गाठा.