एका ओळीचे दोन मालक

कोप्रोसेसरचं, म्हणजे मुख्य प्रोसेसरच्या मदतनीसाचं, फर्मवेअर (त्याच्यावर चालणारा प्रोग्राम) लिहायला घेतलं की पहिला आठवडा मजेत जातो. पिन हलतात, टायमर लागतो, एलईडी लुकलुकतो. बीगलबोन या छोट्या लिनक्स बोर्डावरचा पीआरयू हा असाच एक कोप्रोसेसर घ्या. 200 मेगाहर्ट्झवर चालतो, बहुतेक इन्स्ट्रक्शन 5 नॅनोसेकंदांत उरकतात. लिनक्सला जी वेळ पाळणं जमत नाही, ती हा छोटा गडी निमूटपणे पाळतो. घोळ सुरू होतो तो त्याला होस्टशी, म्हणजे लिनक्स चालवणाऱ्या मुख्य प्रोसेसरशी, बोलायला लावल्यावर.

बोलायची रीत बहुतेक ठिकाणी तीच. दोघांच्या सामायिक मेमरीत एक रिंग बफर (शेवटाला पोचलं की पुन्हा सुरुवातीपासून भरायची मेसेजची रांग), त्याचे हेड आणि टेल, म्हणजे कुठवर लिहिलं आणि कुठवर वाचलं याच्या खुणा, आणि समोरच्याला उठवणारा इशारा, म्हणजे इंटरप्ट. त्याला डोअरबेल म्हणतात, ते अगदी चपखल आहे. बेल वाजली एवढंच कळतं. दारात किती जण उभे आहेत, ते दार उघडूनच बघायचं. तीन मेसेजना मिळून इंटरप्ट एकदाच लागू शकतो. तेव्हा एक मेसेज उचलून परत फिरू नका, रिंग रिकामी होईपर्यंत वाचा.

हेड लिहिणाऱ्यानेच हलवायचा, टेल वाचणाऱ्यानेच. हे मी काटेकोर पाळलं होतं, तरी एका बोर्डवर तोंडघशी पडलो. स्टेपर मोटर मधूनच तीच पावलं दुसऱ्यांदा टाकायची. चार दिवस मी वायरी तपासत बसलो! दोष माझ्या स्ट्रक्चरमध्ये होता. हेड आणि टेल चार-चार बाइटचे, शेजारीशेजारी. होस्ट मेमरीची प्रत आपल्या कॅशमध्ये ओळीओळीने ठेवतो, आणि त्याची ही ओळ, म्हणजे कॅश लाइन, 64 बाइटची. होस्टने हेड बदलून कॅश क्लीन केली की चारच बाइट नव्हे, सगळी ओळ मेमरीत उतरायची, आणि तिच्यात टेलची शिळी प्रत. फर्मवेअरने मधल्या वेळात पुढे नेलेला टेल मागे यायचा, आणि वाचलेले मेसेज पुन्हा वाचले जायचे. दोघांना वेगवेगळ्या ओळी दिल्या, मोटर शहाणी झाली. शंभरेक बाइट वाया गेले, जाऊ देत.

दुसरी भानगड क्रमाची. आधी डेटा, मग हेड, असं लिहिलं म्हणून समोरच्याला ते त्याच क्रमाने दिसेल असं नाही. सी भाषेतलं ‘व्होलाटाइल’ कंपायलरला आवरतं, प्रोसेसरला नाही. दोन्हींच्या मध्ये बॅरिअर, म्हणजे क्रम पाळायला लावणारा अडसर, हवाच. एआरएम प्रोसेसरवर त्यासाठी डीएमबी ही इन्स्ट्रक्शन आहे.

कुणीतरी विचारलंत, आरपीमेसेज (प्रोसेसरांमध्ये मेसेज पोचवणारी यंत्रणा) वापरलं तर हे सगळं टळतं का? बरंचसं टळतं. लिनक्समध्ये ते तयार मिळतं, वापराच. पण त्याचा बफर एरवी 512 बाइटचा, त्यातले 16 हेडर खातो, हाती 496. कॅमेऱ्याची फ्रेम त्यात मावत नाही. मग लोक फ्रेम सामायिक मेमरीत ठेवतात आणि मेसेजमधून नुसता पत्ता पाठवतात. आणि पत्ता पोचला, तरी त्या पत्त्यावरचा डेटा होस्टच्या कॅशमधून खाली उतरलाय का, हे परत तुम्हालाच बघावं लागतं.