तिन्हीसांज आणि रात्र

(फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पोलीस ठाण्याची पायरी कधी चढली नसेल, आणि चढावी लागू नये अशीच माझी इच्छा आहे. पण घरात चोरी झाली, भावाला कोणी मारलं, की ती चढावीच लागते. म्हणून फौजदारी कायद्यातल्या सगळ्या संज्ञा सांगत न बसता आज मी मुख्यतः एका कागदाबद्दल बोलणार आहे. फिर्यादीबद्दल. आपण तिला एफआयआर म्हणतो.

वकिली सुरू करून मला तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. मी आरोपींच्या बाजूने उभा होतो. डिचोलीकडच्या एका बाईंची फिर्याद होती की घरामागच्या कुळागरात, म्हणजे पोफळींच्या बागेत, तिघांनी त्यांच्या नवऱ्याला मारहाण केली. वेळ त्यांनी कोकणीत सांगितली होती, ‘तिनसांजे वेळार’. लिहून घेणाऱ्याने इंग्रजीत ‘नाइट’ लिहिलं. खाली बाईंची सही. दोन वर्षांनी उलटतपासणीत मी विचारलं, रात्री, पोफळींच्या दाटीत, तुम्हाला चेहरे कसे दिसले? बाई म्हणाल्या, “हांवें रात म्हूण सांगूंक ना.” म्हणजे, मी रात्र असं सांगितलंच नाही. मी फिर्याद त्यांच्यापुढे धरली आणि विचारलं, ही सही तुमचीच ना? त्या बराच वेळ सहीकडे बघत राहिल्या. मग ‘हय’ म्हणाल्या. ओळख पटवण्याबद्दल शंका निर्माण झाली आणि आरोपी सुटले.

मी माझं काम केलं, त्याची मला लाज नाही. गुन्हा सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असतो, आरोपीवर नव्हे. वाजवी शंका उरली तर तिचा फायदा आरोपीलाच मिळायला हवा, नाहीतर उद्या तुमच्या-माझ्या निरपराध मुलाचं काय होईल? पण त्या बाई खोटं बोलत नव्हत्या, हे मला तिथेच कळलं होतं. तिन्हीसांजेला माणूस ओळखू येतो. न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर त्यांनी सही केली होती, एवढंच.

आपल्या गोव्यात हे नेहमी घडू शकतं. आपण बोलतो कोकणीत, वाचतो मराठीत आणि कागद होतो इंग्रजीत. 1987च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामासाठी मराठीही वापरता येते, तरी ठाण्यातल्या त्या टेबलावर आपला शब्द आपल्या डोळ्यांदेखत बदलतो.

कायदा मात्र तुमच्या बाजूने आहे. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम 173 प्रमाणे तोंडी दिलेली माहिती लिहून घेऊन ती तुम्हाला वाचून दाखवायची असते, मगच सही. प्रत फुकट द्यायची असते. ‘वाचून दाखवणे’ याचा अर्थ तुम्हाला कळेल असं सांगणे, असंच मी मानतो. घटना कुठल्याही हद्दीतली असली तरी दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस स्वतःहून तपास सुरू करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. मात्र तपासात साक्षीदार म्हणून जबाब द्याल तेव्हा त्यावर सही करायची नसते, हा फरक लक्षात ठेवा.

आता एक शब्द केवढा जड असतो ते बघा. समजा दोन भावांचं कुळागराच्या बांधावरून भांडण झालं. धाकट्याने थोरल्याला ढकललं, थोरला चिऱ्यावर पडला आणि गेला. फिर्यादीत ‘ढकललं’ असेल तर न्यायालय विचारणार, मरण ओढवेल याची धाकट्याला कल्पना तरी होती का? ‘चिरा उचलून डोक्यात घातला’ असेल तर प्रश्न एकदम खुनाच्या उद्देशाचा होतो. गुन्हे आणि त्यांच्या शिक्षा सांगणाऱ्या भारतीय न्याय संहितेत कलम 100 सदोष मनुष्यवधाचं आणि 101 खुनाचं. अचानक पेटलेल्या भांडणात, आधी काही न ठरवता, क्रूरपणा न करता मरण ओढवलं तर त्याला खून म्हणत नाहीत, तो सदोष मनुष्यवध ठरतो. खुनाला मृत्युदंड किंवा जन्मठेप. खून न ठरणाऱ्या सदोष मनुष्यवधाची शिक्षा त्याहून बरीच कमी असू शकते. मरण तेच, चिरा तोच. कायदा कृतीबरोबर त्या क्षणाचं मनही बघतो, आणि मनात डोकावण्याची पहिली खिडकी फिर्यादीतलं ते क्रियापद असतं.

अटकेबद्दल थोडक्यात. अटक झालेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं. हे राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 मध्येच आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा होत नाही. आणि जामीन मिळाला म्हणजे सुटला, असं गावात बोलतात ते चूक. जामीन म्हणजे खटला चालू असेपर्यंत बाहेर राहण्याची मुभा, निर्दोष असल्याचा निकाल नव्हे. कोठडीतल्या माणसाला, आणि कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो; त्यासाठी 15100 हा क्रमांक आहे.

अजून एक. कोणी ना कोणी मला विचारतंच, “वकीलबाब, पोर्तुगीज कायद्यात याला काय शिक्षा?” 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा आपल्याकडे लग्न आणि वाटणीत टिकून आहे. फौजदारीत देशाचाच कायदा चालतो.

मघाशी मागच्या रांगेतून एका ताईंनी विचारलं की सही करून घरी आल्यावर चूक लक्षात आली तर काय करायचं. थांबू नका, ताई. दुसऱ्याच दिवशी, शक्य तर त्याच दिवशी, ठाण्यात जाऊन पुरवणी जबाब घ्यायला सांगा. ऐकलं नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या. फिर्यादच घेत नसतील तरी हाच मार्ग, आणि तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. अर्ज मराठीत लिहा, तुम्हाला जी भाषा वाचता येते तीत. त्यात ‘तिन्हीसांज’ असेल तर ‘तिन्हीसांज’च लिहा. आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.