बरणीवरचे लेबल : मजकूर, छपाई आणि चिकटवण

श्रोतेहो,

फळे, भाज्या, जॅम किंवा टोमॅटोचा रस घरीच काचेच्या बरण्यांत हवाबंद करून ठेवणाऱ्यांचे सारे लक्ष साहजिकच पदार्थाकडे आणि तो टिकवण्याच्या प्रक्रियेकडे असते, आणि लेबल ही शेवटी वेळ उरला तर उरकून घ्यायची सजावट मानली जाते. मला हे मान्य नाही. बंद बरणीवर कोणती प्रक्रिया झाली आणि कधी झाली, हे बाहेरून पाहून ओळखता येत नाही, आणि काही महिन्यांनी ते बरणी भरणाऱ्यालाही नीट आठवत नाही. म्हणून लेबल हा टिकवण्याच्या कामाचाच भाग आहे, असे मी मानतो आणि त्याचा मजकूर, छपाई व चिकटवण या सर्वांचा विचार त्याच अंगाने करावा, असे सुचवतो.

सुरक्षिततेचा मुद्दा आधी घेतो. ज्या पदार्थाचा पीएच 4.6 किंवा त्याहून कमी असतो, म्हणजे जो पुरेसा आंबट असतो, तो उकळत्या पाण्यात बरण्या बुडवून टिकवता येतो. कमी आंबट भाज्या, कडधान्ये किंवा मांस यांना मात्र ते पुरत नाही, कारण क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू 100 अंश सेल्सियसला तग धरतात. त्यासाठी प्रेशर कॅनरमधले, म्हणजे वाफेच्या दाबाखाली बरण्या तापवणाऱ्या भांड्यातले, सुमारे 116 ते 121 अंश तापमान, तेही ठरलेल्या वेळेपर्यंत, लागते. या जिवाणूचे विष तयार झालेला पदार्थ दिसायला आणि वासाला अगदी चांगला असू शकतो. अशा वेळी नुसते ‘भाजी’ एवढेच लिहिलेल्या बरणीवर विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा? पदार्थाचे पूर्ण नाव, बरणी बंद केल्याची तारीख, खेपेचा क्रमांक आणि प्रक्रियेची पद्धत या चार गोष्टी प्रत्येक लेबलावर असायलाच हव्यात.

तारीख लिहिताना महिना अक्षरांत लिहावा. 3/4 ही एप्रिलची तीन तारीख की मार्चची चार, हा प्रश्न दोन पद्धतींची सवय असलेल्या घरात हमखास उभा राहतो. वर्ष तर कधीच गाळू नये, कारण घरी हवाबंद केलेला पदार्थ साधारणपणे वर्षभरात वापरावा अशी शिफारस असते आणि ते मोजायला वर्षच लागते. खेपेचा क्रमांक पुष्कळांना अनावश्यक वाटतो. पण एकाच दिवशी दोनदा भांडे चढवले आणि नंतर त्यांतल्या एका बरणीचे झाकण सैल झालेले आढळले, तर तिच्या सोबतच्या बरण्या कोणत्या, हे त्या क्रमांकावरूनच कळते. पाककृती, आंबटपणासाठी घातलेला रस आणि प्रक्रियेची मिनिटे हा तपशील त्याच क्रमांकाखाली वहीत नोंदवला, की लेबलावर दाटी होत नाही. बरणी दुसऱ्या कोणाला द्यायची असेल तर घटकांची यादीही छापावी. दाणे, मोहरी किंवा तीळ यांची ॲलर्जी असणाऱ्याला ती न विचारता कळली पाहिजे.

लेबल प्रक्रियेनंतरच लावायचे असते. बरण्या 12 ते 24 तास न हलवता थंड होऊ द्याव्यात, दोन भागांचे झाकण असेल तर बाहेरचे कडे काढावे आणि मधली चकती बोटाने दाबून पाहावी. ती खालीवर होत असेल तर बरणी बंद झालेलीच नाही आणि तिला लेबल लावून फळीवर ठेवणे म्हणजे खोटी नोंद करणे होय. जी बरणी या तपासणीत उतरते, ती धुऊन पूर्ण कोरडी करावी, कारण उकळताना बाहेर आलेल्या पाकाचा पातळ थर काचेवर राहिला तर कोणताही गोंद त्यावर टिकत नाही.

आता छपाईकडे वळू. इंकजेट प्रिंटरमध्ये बहुधा पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई असते. ओल्या हाताने बरणी उचलली किंवा फ्रिजमधून काढल्यावर काचेला दव सुटले, की अक्षरे पसरतात. कणयुक्त, म्हणजे पिगमेंट शाई बरीच टिकते. लेझर प्रिंटरमध्ये प्लॅस्टिकची बारीक पूड उष्णतेने कागदावर वितळवून बसवली जाते, म्हणून पाण्याने ती पसरत नाही, आणि निवड करायची असेल तर मी लेझरच सुचवेन. मात्र इंकजेटसाठी बनवलेले चिकट कागद लेझर प्रिंटरमध्ये घालू नयेत. त्यांचा लेप किंवा गोंद त्या उष्णतेला वितळू शकतो. काही लेबले आधीच काढून घेतलेला अर्धवट कागद पुन्हा त्यात घालणेही तितकेच धोक्याचे आहे, कारण सुटलेले लेबल आतल्या तापलेल्या रुळाला चिकटते.

छपाई सरकते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने : ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिलेला असतो. ए4 कागदावर 38.1 मिलिमीटर उंचीच्या लेबलांच्या सात ओळी असतात, म्हणजे एकूण 266.7 मिलिमीटर. मजकूर नुसता तीन टक्क्यांनी आकसला तरी या उंचीत आठ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून प्रमाण 100 टक्के ठेवावे, आधी साध्या कागदावर छापावे आणि तो लेबलांच्या कागदावर ठेवून दोन्ही उजेडासमोर धरून पाहावे.

देवनागरीसाठी थोडी अधिक उदारता लागते. मात्रा, रफार आणि उकार वर-खाली जागा मागतात, आणि लहान आकारात जोडाक्षरांच्या पोकळ्या शाईने भरून जातात. नऊ पॉइंटपेक्षा लहान अक्षर वापरू नये आणि दोन ओळींतले अंतर मोकळे ठेवावे, असे माझे मत आहे. सजावटीच्या चौकटीसाठी अक्षर बारीक करणे मला कधीही पटलेले नाही. नाव व पद्धत छापून ठेवावी आणि तारीख व खेप हाताने लिहिण्यासाठी जागा सोडावी, म्हणजे उरलेले कागद पुढच्या खेपेलाही उपयोगी पडतात. लेप नसलेल्या साध्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेले पाण्याने पसरत नाही आणि उजेडाने फिकेही होत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

रुंदी ठरवताना बरणीचा व्यास मोजावा. 80 मिलिमीटर व्यासाच्या बरणीचा परीघ सुमारे 251 मिलिमीटर भरतो; त्यातला 100 मिलिमीटरपेक्षा जास्त भाग झाकू नये, कारण बुरशी, गढूळपणा किंवा वर चढणारे बुडबुडे पाहायला काच उघडी असावी लागते. वर रुंद आणि खाली निमुळत्या बरणीवर सरळ पट्टी चिकटवली तर तिला सुरकुत्या पडतात. तेथे लेबल किंचित कमानदार कापावे किंवा लहान करावे.

उरला गोंद. कायमस्वरूपी चिकटणारी तयार लेबले दमट जागी उत्तम टिकतात, पण बरणी पुन्हा वापरायची असेल तर ती खरवडताना हैराण व्हायला होते. कोरड्या फळीवर ठेवायच्या बरण्यांना साधा कागद पिठाच्या खळीने किंवा दुधाने लावला तरी चालतो. दुधातले केसिन काचेला घट्ट धरते आणि कोमट पाण्यात भिजवल्यावर कागद सहज सुटतो. तयार लेबलाचा चिकट थर काचेवर उरलाच, तर खाण्याचे तेल आणि खाण्याचा सोडा कालवून तो लेप अर्धा तास लावून ठेवावा, मग चोळून साबणाने धुवावे. टोकदार सुरीने खरवडू नये. काचेवर उमटलेल्या ओरखड्यापाशीच पुढच्या खेपेत उष्णतेने तडा जाण्याची शक्यता असते.