ओरडली का नाही?

(व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत माझा विषय ‘स्त्रियांचे आरोग्य’ असा छापलाय. मी कळवला होता ‘लैंगिक अत्याचार : प्रमाण आणि परिणाम’. आयोजकांना तो छापवला नाही. त्यामुळे मघाशी दाराशीच दोघींनी मला कॅल्शियमच्या गोळ्यांबद्दल विचारलं. ज्या पुरुषमंडळींना फसवून आणल्यासारखं वाटत असेल, त्यांनी आत्ताच उठावं, मी बघणार नाही. (कोणी उठत नाही.) बरं, आता अडकलात.

प्रमाण आणि परिणाम, दोन्हींकडे येते. आधी माझा एक जुना राग. बलात्काराची बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला, ‘ती ओरडली का नाही?’ टपरीवर विचारतात, शिकल्यासवरल्यांच्या दिवाणखान्यातही विचारतात. न्यायालयांची गत फार वेगळी नव्हती.

गोष्ट आपल्या विदर्भातली. २६ मार्च १९७२, देसाईगंज, म्हणजे आपलं वडसा, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. मजुरी करणारी आदिवासी मुलगी, वय चौदा ते सोळा. भावाच्याच तक्रारीवरून तिला रात्री ठाण्यात आणलं होतं. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं, तिला आत थांबवलं. दिवे मालवले, दार लावलं. तिची माणसं बाहेर उभी. आरोप एका शिपायावर बलात्काराचा, हेड कॉन्स्टेबलवर विनयभंगाचा. तिचं नाव तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे, मी घेणार नाही. खटला तिच्या नावानं ओळखला जातो. त्या दोन पोलिसांची नावं कोणाला आठवतात का, सांगा बरं.

वैद्यकीय तपासणी झाली दुसऱ्या दिवशी रात्री. अंगावर जखम नाही, आणि योनिमार्गात दोन बोटं घालून करायच्या ‘दोन बोटांच्या चाचणी’वरून ती शरीरसंबंधांना ‘सरावलेली’. ही आमच्या पेशाची करणी. ही चाचणी सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये चुकीची ठरवली, २०२२ मध्ये पुन्हा बजावलं. पुन्हा का बजावावं लागलं, ते डॉक्टरांच्या संमेलनात बोलेन, तिथे मला बोलावत नाहीत.

सत्र न्यायालयानं तिला खोटारडी ठरवून दोघांना सोडलं. नागपूर खंडपीठ म्हणालं, भीतीनं मुकाट राहणं ही संमती नव्हे, आणि शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. जखमा नाहीत म्हणजे प्रतिकार नाही. आपण ओरडलो होतो, असं ती सांगत होती. तेही खोटं धरलं. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या प्राध्यापकांनी या निकालाविरुद्ध सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं. बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असं ती न्यायालयात म्हणाली, की न्यायालय तसंच गृहीत धरतं. तिला स्वतःला त्यातून काही मिळालं नाही.

आता शरीराचं सांगते. पराकोटीच्या भीतीत माणूस लढतो किंवा पळतो, हे आपण शाळेत शिकतो. तिसरी गोष्ट शिकवत नाहीत. शरीर थिजतं, हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. यात इच्छेचा प्रश्नच नसतो. स्टॉकहोमच्या उपचारकेंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के स्त्रियांनी लक्षणीय प्रमाणात असं थिजणं अनुभवलं होतं. अशा थिजलेल्यांना पुढे मानसिक आघाताचा विकार आणि तीव्र नैराश्य जास्त आढळलं. आपल्याकडे २०१३ पासून कायद्यातच लिहिलंय की केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती ठरत नाही. टपरीपर्यंत ते पोचायचंय.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे मूळ विषय पाच मिनिटांत!

प्रमाण. २०२२ मध्ये देशात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदले गेले. बहुतेकांत आरोपी ओळखीचा. हे फक्त ठाण्यापर्यंत पोचलेलं. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्क्यांनी ना कोणाची मदत घेतली, ना कोणाला सांगितलं. मुलगे आपण मोजतच नाही. २००७च्या केंद्र सरकारच्या अभ्यासात लैंगिक शोषण सांगणाऱ्या मुलांत निम्म्याहून जास्त मुलगेच होते.

परिणाम. झोप उडते, एखाद्या वासानं किंवा आवाजानं छाती धडधडते. आठवणी तुटक येतात. मग उलटतपासणीत वकील विचारतात, काल एक सांगितलं, आज दुसरं कसं? काहींना वर्षांनी त्रास सुरू होतो, लग्नानंतर, बाळंतपणात. कारण न कळता पोटदुखीच्या तक्रारी घेऊन त्या दवाखाने फिरतात.

हे मात्र लिहून घ्या. कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हद्द नंतर बघतात. सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयानं प्रथमोपचार आणि उपचार मोफत द्यायचे आहेत. ‘पोलीस केस आहे, पुढे जा’ म्हणणाऱ्या रुग्णालयाच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आपल्या राज्यात ‘मनोधैर्य’ योजनेतून अर्थसाहाय्य मिळतं. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे.